'नवअभिजात' : वास्तुकलेतील एका संज्ञेचे अर्थ आणि उगम

१

पाश्चात्त्य वाङ्मयेतिहासाच्या अध्यापनात 'नवअभिजात' ही संज्ञा आपण ड्रायडन, पोप आणि जॉन्सन यांच्या कालखंडासाठी वापरतो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंतचे इंग्रजी वाङ्मय नवअभिजात, आणि १७९८ साली वर्ड्‌स्वर्थ व कोलरिज यांच्या संयुक्त संग्रहापासून सुरू होणारे स्वच्छंदतावादी, ही विभागणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याविषयी वेगळा विचार करण्याची गरज सहसा वाटत नाही. अडचण निर्माण होते ती हीच संज्ञा वाङ्मयाच्या बाहेर भेटते तेव्हा. मुंबईचा टाउन हॉल, ज्यात एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे, ती इमारतही 'नवअभिजात' म्हणून ओळखली जाते. तिचे बांधकाम १८२१ साली सुरू झाले आणि १८३३ साली पूर्ण झाले. पोप १७४४ साली निवर्तला होता. आणि ज्या वर्षी टाउन हॉलचे काम सुरू झाले त्याच वर्षी रोममध्ये कीट्सचा अंत झाला. म्हणजे वाङ्मयेतिहासाच्या हिशेबाने जी इमारत स्वच्छंदतावादाच्या भर मध्यान्ही उभी राहिली, तिला आपण त्याच्या पूर्वीच्या युगाचे नाव देतो.

'वास्तुकला वाङ्मयाच्या मागून चालते' असे एक सोपे उत्तर या विसंगतीला दिले जाते. प्रस्तुत लेखकाला ते मान्य नाही. येथे मागे-पुढे चालण्याचा प्रश्न नसून एकाच नावाखाली दोन भिन्न गोष्टी वावरत आहेत, आणि मराठी प्रतिशब्दाने त्यांच्यातील अंतर आणखी झाकले गेले आहे. या संज्ञेचा वास्तुकलेतील उगम तपासून हे अंतर स्पष्ट करणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२

'क्लासिक' या शब्दाचे मूळ लॅटिन 'क्लासिकस' या विशेषणात आहे, आणि ते विशेषण करवसुलीच्या व्यवहारातून आलेले आहे. रोमचा राजा सर्व्हियस तुलियस याने नागरिकांची मालमत्तेनुसार वर्गवारी केली, अशी परंपरा आहे. या वर्गांपैकी सर्वांत वरच्या, सधन वर्गातील नागरिकांनाच 'क्लासिकस' म्हणत. ज्यांच्यापाशी संततीखेरीज काही नाही ते तळाचे 'प्रोलेटारियस'. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ऑलस गेलियस या लेखकाने आपल्या 'नॉक्टेस अ‍ॅटिके' या ग्रंथात हा शब्द साहित्यिकाला लावलेला आढळतो. तो प्रसंग मोठा गमतीचा आहे. 'वाळू' या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे अनेकवचन करता येते किंवा नाही, असा वाद चालला आहे. वक्तृत्वाचा आचार्य फ्रॉन्टो आपल्या श्रोत्यांना सांगतो की, याचा निर्णय एखाद्या 'क्लासिकस' लेखकाकडे पाहून करावा, 'प्रोलेटारियस' लेखकाकडे पाहून नव्हे. व्याकरणाच्या एका क्षुल्लक शंकेतून हे रूपक जन्मले. त्यात प्राचीनतेचा वा सौंदर्याचा मुद्दा मुख्य नाही. ज्याच्या शब्दाला पत आहे, असा लेखक, एवढाच त्याचा अर्थ.

प्रबोधनकाळात हा शब्द पुन्हा वर आला. फ्रेंचमध्ये १५४८ साली सेबिए याने आपल्या काव्यशास्त्रविषयक ग्रंथात तो उत्तम कवींसाठी वापरला. पुढे 'क्लास' म्हणजे शाळेतील वर्ग या अर्थाचीही त्यावर छाया पडली आणि वर्गात अभ्यासावयाचे लेखक ते 'क्लासिक', असा बोध रूढ झाला. शाळेत अभ्यासले जात ते मुख्यतः ग्रीक व लॅटिन लेखक. यामुळे गुणवाचक शब्द हळूहळू कालवाचक व स्थलवाचक बनला. 'क्लासिकल वास्तुकला' या प्रयोगात हा तिसरा अर्थ प्रमुख आहे. ग्रीक व रोमन इमारतींचे स्तंभ, त्यांवरील आडव्या पट्ट्या आणि त्रिकोणी शिरोभाग या घटकांच्या आधाराने रचलेली वास्तू, मग ती कोणत्याही शतकातील असो, 'क्लासिकल' ठरते. गुण, काल आणि घटक असे तीन अर्थ एकाच शब्दात नांदू लागले, आणि त्यांतील कोणता अर्थ कोठे अभिप्रेत आहे हे वाचकाने संदर्भाने ओळखायचे, ही स्थिती आजही कायम आहे.

३

आता 'नव' या उपपदाकडे वळू. मराठी वाचकाला 'नव' हे अक्षर ऐकताच 'नवकाव्य' आणि 'नवकथा' यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. ही नावे त्या त्या वाङ्मयाच्या ऐन बहरात, त्यावरील वादांच्या धुमश्चक्रीत रूढ झाली. त्यामुळे 'नव' म्हणजे स्वतःच्या काळातच फडकलेला झेंडा, असा संस्कार आपल्या मनावर झालेला आहे. 'नवअभिजात' वास्तुकलेविषयी मात्र हा संस्कार आपल्याला चकवतो.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्यांनी या वळणाच्या इमारती बांधल्या, त्यांच्यापैकी कोणी स्वतःला 'नवअभिजात' म्हणवून घेतले नाही. ते आपल्या शैलीला 'खरी शैली' म्हणत, 'शुद्ध' म्हणत, 'प्राचीनांची' म्हणत. इंग्लंडमध्ये 'ग्रीशियन' हा शब्द चालत असे, तोही ग्रीक आणि रोमन यांत फारसा भेद न करता. पॅरिसमध्ये तर 'ग्रीक पद्धतीचे' असणे ही एक फॅशनच झाली होती. १७६३ साली ग्रिम याने लिहून ठेवले आहे की सगळे काही आता ग्रीक पद्धतीचे होऊ लागले आहे, आणि त्यात इमारतींबरोबर केशरचना व तपकिरीच्या डब्याही आल्या. शैलीला आपले नाव स्वतः नसते, कारण ती स्वतःला एक शैली समजतच नसते. तिच्या दृष्टीने ती सत्य असते आणि बाकीच्या सगळ्या शैली.

हे 'सत्य' कोणते, याचा पुरावा त्या काळातील ग्रंथांत मिळतो. १७५३ साली लोजिए या फ्रेंच जेझुइट धर्मगुरूने वास्तुकलेवर एक छोटेसे पुस्तक निनावी प्रसिद्ध केले. त्याचे म्हणणे असे की, आदिमानवाने चार खांब रोवून, त्यांवर आडवी लाकडे टाकून आणि वर उतरते छप्पर घालून जी झोपडी उभारली, तिच्यात वास्तुकलेचे सारे तत्त्व सामावले आहे. खांब, आडवी पट्टी आणि त्रिकोणी शिरोभाग एवढेच वास्तूला आवश्यक. भिंतीला चिकटवलेले दिखाऊ अर्धस्तंभ, वेलबुट्टी, मोडलेली शिरोभागाची कड, हे सर्व दोष होत. ही भूमिका पुराणवस्तूंच्या प्रेमातून आलेली नाही. ती बुद्धिवादातून आली आहे. ग्रीकांचे अनुकरण करायचे ते, ग्रीक हे निसर्गाच्या आणि विवेकाच्या अधिक जवळ होते असे मानून. सूफ्लो याने पॅरिसमध्ये सेंट जनव्हिएव्हचे जे चर्च उभारले, तेच १७९१ साली पाँतेआँ झाले, त्यात लोजिएच्या विचाराचे प्रतिबिंब त्याच्या समकालीनांनाच दिसले होते.

१७५५ साली विंकेलमानचा ग्रीक कलाकृतींच्या अनुकरणाविषयीचा निबंध आला आणि १७६४ साली प्राचीन कलेचा इतिहास. ग्रीक कलेला त्याने जे उदात्त साधेपण आणि शांत भव्यता बहाल केली, ती पुढील पन्नास वर्षे युरोपच्या कानात घुमत राहिली. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी लागते. विंकेलमान ग्रीसला कधीच गेला नाही. पहिला निबंध लिहिला तेव्हा तो रोमलाही पोहोचला नव्हता. ज्या ग्रीसचे त्याने वर्णन केले ते रोमन प्रतिकृतींच्या आणि ग्रंथांच्या आधारे उभे केलेले ग्रीस होते.

प्रत्यक्ष ग्रीसचे मापन करणारे आले ते स्ट्युअर्ट आणि रेव्हेट हे दोन इंग्रज. १७५१ साली अथेन्सला पोहोचून त्यांनी तेथील अवशेषांची फुटाफुटाने मापे घेतली. दरम्यान ल रॉय या फ्रेंच माणसाने १७५८ साली ग्रीसमधील भग्नावशेषांवरचा आपला ग्रंथ आधी छापून टाकला. इंग्रजांचा 'अथेन्सचे पुरावशेष' या नावाचा पहिला खंड १७६२ साली निघाला. रोमचा अभिमानी पिरानेसी यांवर संतापला आणि रोमनांचे श्रेष्ठत्व, किंबहुना त्यांची कला ग्रीकांची ऋणी नसून एट्रुस्कनांची वारस असल्याचे, सांगणारा ग्रंथ त्याने १७६१ साली काढला. ग्रीक मोठे की रोमन, हा वाद आज आपल्याला हसू आणील. परंतु 'प्राचीन' हा एकच अखंड आदर्श नाही, त्याला इतिहास आहे, त्यात कालक्रम आहे, ही जाणीव याच वादातून उपजली. येथेच हे वळण प्रबोधनकालीन वास्तुकलेपासून वेगळे होते. पॅलाडिओ १५७० साली आपले चार ग्रंथ लिहीत होता तेव्हा त्याच्यासमोर रोम होते आणि विट्रुव्हियस होता. अठराव्या शतकाच्या मध्यानंतरच्या वास्तुकारासमोर हर्क्युलेनियम आणि पॉम्पेई यांची उत्खनने होती, पेस्टमची बैठक नसलेली जाडजूड डोरिक मंदिरे होती, आणि त्या सर्वांची छापील चित्रे होती. त्याला निवड करावी लागत होती.

४

'निओक्लासिकल' हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, म्हणजे ही चळवळ ओसरल्यावर, रूढ होऊ लागला आणि तो कौतुकाचा नव्हता. थंड, निर्जीव, पुस्तकी अनुकरणाने गारठलेली कला, असा त्याचा रोख होता. ह्यू ऑनर या कलेतिहासकाराने १९६८ सालच्या आपल्या 'निओ-क्लासिसिझम' या पुस्तकाच्या आरंभीच ही गोष्ट बजावली आहे. शैलींच्या नावांच्या इतिहासात हे नवीन नाही. 'गॉथिक' हे नाव गॉथ टोळ्यांच्या रानटीपणाची आठवण देण्यासाठी प्रबोधनकालीन इटालियनांनी जोडले. 'बरोक' या शब्दातही वेडेवाकडेपणाचा आरोप होता. शिवी म्हणून दिलेले नाव पुढे पदवी म्हणून मिरवावे, हा कलेच्या इतिहासातील नित्याचा प्रकार आहे. 'निओक्लासिकल'च्या बाबतीत ही सुधारणा विसाव्या शतकात झाली. मारिओ प्राझ याचे 'गुस्तो निओक्लासिको' १९४० साली निघाले, आणि १९७२ साली लंडनला 'निओक्लासिसिझमचे युग' या नावाचे जे विशाल प्रदर्शन भरले त्यानंतर शब्दातील उपहास जवळजवळ विझला.

तात्पर्य, 'नव' हा शब्द येथे नंतरच्या पिढीने लावलेला आहे. तो 'आम्ही नवे' असे म्हणत नाही. 'हे पुन्हा एकदा तेच' असे म्हणतो. मराठीत 'नव' ऐवजी 'पुनः' हे उपपद अधिक जवळचे ठरले असते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. पण रूढ शब्दाशी भांडण्यात अर्थ नाही.

५

भाषा बदलली की संज्ञा कशी सरकते, हे पाहिल्यास अनुवादकांपुढील धोका स्पष्ट होईल. इंग्रजीत ज्याला 'निओक्लासिकल' वास्तुकला म्हणतात, म्हणजे लांगहान्सने १७८८ ते १७९१ मध्ये बांधलेले बर्लिनचे ब्रांडेनबुर्ग द्वार किंवा शिंकेलचे तेथीलच १८३० साली पूर्ण झालेले संग्रहालय, त्याला जर्मनीत 'क्लासिझिस्मुस' म्हणतात. 'नव' तेथे नाहीच. जर्मनांचा 'निओक्लासिझिस्मुस' विसाव्या शतकातला. रशियनमध्येही साधारण हाच प्रकार आहे. शिवाय जर्मनमध्ये गटे आणि शिलर यांच्या वायमार-काळाला 'क्लासिक' हा आणखी वेगळा शब्द आहे. फ्रेंचांचा 'क्लासिसिझम' सतराव्या शतकातला, रासीन आणि बोआलोचा, व्हर्सायच्या राजवाड्याचा. त्यांचा 'निओक्लासिसिझम' मात्र सूफ्लो आणि चित्रकार दाव्हिद यांचा. आणि ज्या रासीनला फ्रेंच 'क्लासिकल' म्हणतात त्याला इंग्रजी समीक्षा पुष्कळदा 'निओक्लासिकल' म्हणते.

आपला पाश्चात्त्य कलाविचाराशी परिचय बहुतांशी इंग्रजीतून झालेला असल्याने आपण इंग्रजांची वाटणी जगाची वाटणी समजून चालतो. जर्मन ग्रंथाच्या मराठी सारांशात शिंकेलचा 'अभिजातवाद' आणि इंग्रजी ग्रंथाच्या सारांशात त्याच शिंकेलचा 'नवअभिजातवाद' आला, तर विद्यार्थी एकाच्या दोन शैली मानून बसतो.

६

आता पुन्हा आरंभीच्या विसंगतीकडे. पोपच्या काळातील इंग्लंडमध्ये वास्तुकला होती. पण तिचे नाव वेगळे आहे. लॉर्ड बर्लिंग्टन आणि त्याच्या मंडळींनी पॅलाडिओला आदर्श मानून जी घरे बांधली ती 'पॅलाडियन' म्हणून ओळखली जातात. पोपने १७३१ साली प्रसिद्ध केलेले एक काव्यपत्र याच बर्लिंग्टनला उद्देशून आहे, आणि त्यात नियमांचे आंधळे अनुकरण करून गैरसोयीची घरे बांधणाऱ्यांची यथेच्छ टिंगल आहे. नवअभिजात म्हणजे नियमांचे दास्य, असे परीक्षेच्या उत्तरांत नेहमी वाचावयास मिळते. त्यावर हे काव्यपत्र हा चांगला उतारा आहे. म्हणून पोपच्या कवितेला समांतर उदाहरण द्यावयाचे असल्यास ते बर्लिंग्टनच्या चिझिक येथील घराचे द्यावे. ब्रिटिश म्युझियमचे किंवा मुंबईच्या टाउन हॉलचे देऊ नये.

या पुढच्या इमारतींचे समकालीन कोण, हे पाहिले की वाङ्मयातील विरोधी जोडीच ढासळते. पार्थेनॉनची शिल्पे ब्रिटिश सरकारने १८१६ साली विकत घेतली. कीट्सची ग्रीक कलशावरील कविता १८१९ सालची. ग्रीसची ओढ दोन्हींत एकच आहे. शिंकेलने बर्लिनचे संग्रहालय ग्रीक धाटणीने बांधले आणि त्याच हाताने गॉथिक कॅथीड्रलांची स्वप्नवत चित्रे रंगवली. गटेने १७७२ साली स्ट्रासबुर्गच्या कॅथीड्रलवर गॉथिकचा गौरव करणारा निबंध लिहिला, त्यात लोजिएच्या झोपडीची खिल्ली उडवली; आणि १७८६ साली इटलीत उतरल्यावर तोच गटे पॅलाडिओच्या इमारतींनी भारावला. पुढील वर्षी पेस्टमला त्याने डोरिक स्तंभ प्रथम पाहिले तेव्हा ते त्याला अंगावर येणारे, जवळजवळ भीषण वाटले. मग इतिहास आठवून त्याने स्वतःला त्या काळात नेले आणि तासाभरात तो त्यांच्याशी समेट करून मोकळा झाला. हा तासाभराचा समेट मला फार अर्थपूर्ण वाटतो. दूरच्या काळाची ओढ, भग्नावशेषांचे आकर्षण, इतिहासात शिरण्याचा कल्पनेचा प्रयत्न, ही आपण स्वच्छंदतावादाची लक्षणे म्हणून शिकवतो. नवअभिजात वास्तुकलेत ती सगळी आहेत. ही अडचण ओळखूनच सिगफ्रीड गिडिऑन याने १९२२ सालच्या आपल्या प्रबंधात 'रोमँटिक क्लासिसिझम' ही वरकरणी वदतोव्याघात वाटणारी संज्ञा योजली होती.

७

राहिला मराठी शब्द. इंग्रजी 'क्लासिकल'साठी मराठीने एकच प्रतिशब्द कधी स्वीकारला नाही. संगीत आणि नृत्य 'शास्त्रीय' झाले. अर्थशास्त्रातील स्मिथ, रिकार्डो 'सनातनवादी' झाले आणि मार्शल 'नवसनातनवादी'. वाङ्मयसमीक्षेत 'सौष्ठववाद' आणि 'अभिजातवाद' हे पर्याय आले व त्यांपैकी दुसरा टिकला. शास्त्र, सनातनत्व, सौष्ठव आणि कुल, मूळ शब्दाचे चार पदर चार क्षेत्रांनी वाटून घेतले. वास्तुकलेने वाङ्मयाचा शब्द उसना घेतला, आणि त्याबरोबर वाङ्मयाचा कालपट व वाङ्मयाचे वादही.

'अभिजात' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ 'जन्मलेला' असा. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात तो दैवी वा आसुरी संपत्ती घेऊन जन्मलेल्यासाठी येतो. पुढे 'चांगल्या कुळात जन्मलेला' आणि त्यावरून 'पंडित', 'सुंदर' असे अर्थ झाले. ज्यांनी 'क्लासिक'साठी तो निवडला त्यांच्या मनात सर्व्हियस तुलियसची करवर्गवारी असण्याचे कारण नाही. तरीही शब्द नेमका तेथेच पोहोचला आहे. रोमचा 'क्लासिकस' पैशाने वरचा, आपला 'अभिजात' जन्माने वरचा. दोन्हींत श्रेणी आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केल्यापासून हा शब्द घरोघर पोहोचला, आणि तेथे त्याचा मुख्य बोध प्राचीनता व स्वतंत्र वाङ्मयपरंपरा असा आहे. आजचा विद्यार्थी 'नवअभिजात' हा शब्द वाचतो तेव्हा कुलीनता, प्राचीनता आणि नवकाव्यातील बंडखोर 'नव' असे तीन सूर त्याच्या कानी पडतात. अठराव्या शतकातील वास्तुकारांना अभिप्रेत असलेला विवेक आणि शुद्धता यांचा सूर त्यांत नाही.

संज्ञा बदलावी असे मी सुचवीत नाही. चळवळीसाठी 'नवअभिजात' राहू द्यावी. पण एखाद्या विशिष्ट इमारतीचे वर्णन करताना 'पॅलाडियन वळण', 'रोमन वळण', 'ग्रीक पुनरुज्जीवन' यांपैकी जे लागू असेल ते सांगावे आणि सन द्यावा. नुसते 'नवअभिजात' म्हणणे हे एखाद्या कवितेला नुसते 'वृत्तबद्ध' म्हणण्यासारखे आहे. टाउन हॉलचेच पाहा. कंपनी सरकारच्या सैन्यातील अभियंता टॉमस कूपर याने तो योजला, आणि काम पुरे होण्यापूर्वीच तो वारला. दर्शनी बाजूचे स्तंभ डोरिक. पण या संज्ञेच्या अभ्यासकाने आत जाऊन पाहावे असे काही तेथे आहे. मुंबईच्या जुन्या वर्णनांत नमूद आहे की तळमजल्यावर मेडिकल बोर्डाच्या कचेरीत जे चार आयोनिक स्तंभ आहेत, त्यांची प्रमाणे अथेन्सजवळील इलिसस नदीकाठच्या एका मंदिरावरून घेतली आहेत. ते छोटे मंदिर १७७८ साली, शहराच्या तटासाठी दगड हवे म्हणून पाडण्यात आले. कूपरच्या काळी ते पाहणे कोणालाही शक्य नव्हते. ते उरले होते स्ट्युअर्ट आणि रेव्हेट यांच्या १७६२ सालच्या पहिल्या खंडात, मापे घातलेल्या चित्रांच्या रूपाने. मुंबईतील ते चार स्तंभ त्या पृष्ठांवरून दगडात उतरले आहेत.